क्लीव्हलंड ते फीनिक्स, शनिवार वगळून

पेसाहची दुसरी संध्याकाळ आली की आमच्यात दिवस मोजायला लागतात. आज पहिला, आज दुसरा, असे एकोणपन्नास, आणि पन्नासाव्या दिवशी शावुओतचा सण. आई पेसाहला 'अनशी ढाकायचा सण' म्हणायची, कारण घरातलं आंबट चटणीचं भांडं ते आठ दिवस झाकून ठेवायचं असायचं. इथे इंग्लंडात, रीडिंग गावात, माझ्या फ्लॅटात ना ते भांडं आहे ना ती चटणी, पण मोजणं काही सुटलेलं नाही. फ्रिजवर एक कागद, त्यावर एकोणपन्नास चौकोन, रोज संध्याकाळी एक फुली. यंदाही सुरू झालंय. काल बाविसावी फुली मारली आणि गेल्या वर्षीची बाविसावी आठवली. आधी हसू आलं, मग राग आला. माझा राग लोणच्यासारखा आहे, जुना झाला की जास्तच मुरतो.

आमच्यात म्हणजे बेने इस्राएलांत, कोकणातल्या ज्यूंत. अलिबागच्या बाजूला आमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. मी भायखळ्यात जन्मले, मराठी शाळेत शिकले, लग्न करून इंग्लंडला आले, त्याला आता सत्तेचाळीस वर्षं होतील. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. महिन्यातून एकदा ट्रेननं लंडनला आमच्या लोकांच्या प्रार्थनेला जाते. तिथे सगळे 'हाऊ आर यू डिअर' करून गालाला गाल लावतात. ज्यांना मराठी येत होतं ते एकेक करून गेले. आता उरलो आम्ही दोघीच, मी इथे आणि माझी थोरली बहीण फ्लोरा तिकडे अमेरिकेत, क्लीव्हलंडला. मी तिला ताई म्हणते. ती मला रिबू म्हणते. रिबेका म्हणून हाक मारणारे खूप आहेत, रिबू म्हणणारी ती एकटी.

गेल्या वर्षी पेसाहच्या आधी ताई बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण तिच्या मुलाचा धीर मोडला. डॅनियल राहतो फीनिक्सला, म्हणजे आईपासून दोन हजार मैलांवर. त्यानं ठरवलं की ममला फीनिक्सला आणायचं. त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर वृद्धांसाठी एक चांगली जागा बघून ठेवली. घर विकायचं, गाडी कुणाला तरी देऊन टाकायची, ममला विमानात बसवायचं, साडेचार तासांत काम फत्ते. डॅनियल वाईट नाही हं, उगाच का बोलू? पोरगा आईला रोज फोन करतो. फक्त हे सगळं ठरवताना त्यानं तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं.

ताईचा मला फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "रिबू, मला पार्सल करतायत गं."

मी म्हटलं, "पार्सल कशाला? मी येते. तुझ्या गाडीतून जाऊ. मी चालवीन."

बोलून गेले आणि मग नकाशा बघितला.

आता कुणी म्हणेल, एकाहत्तर वर्षांची बाई आणि निघाली अमेरिका तुडवायला. तर ऐका. मी बावीस वर्षं कौन्सिलची मिनीबस चालवली आहे. रोज सकाळी म्हाताऱ्यांना घरून उचलायचं, डे-सेंटरला सोडायचं, दुपारी परत. बर्फात चालवली, धुक्यात चालवली. दर उन्हाळ्यात त्यांना साउथहॅम्प्टनला मोठमोठ्या बोटी दाखवायला न्यायची, आणि येताना मागे चौदा जण एकाच वेळी टॉयलेट कुठे म्हणून विचारत असताना मोटरवेवर सरळ चालवायची. एक ओरखडा नाही. तेव्हा मला रस्त्याची भीती घालू नये.

आणि त्या मिनीबसमध्ये मी जे बघितलं ते डॅनियलनं बघितलेलं नाही. एखाद्याला घरातून हलवायचा दिवस आला की दारात एक बॅग, औषधांचा डबा आणि मुलं उभी असायची. मुलं माझ्याशी बोलायची. "तिला पुढची सीट द्या, तिला उलटी होते." ती बाई तिथेच उभी, कोट घालून, आणि सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून. मी मुद्दाम तिलाच विचारायची, "कुठे बसणार?" त्यावर काही जणी इतक्या दचकायच्या की उत्तरच सुचायचं नाही. माझ्या ताईला असं कोट घालून उभं राहिलेलं मला बघायचं नव्हतं. ज्या बाईनं अमेरिकेत एकटीनं पोर वाढवलं, तिनं स्वतःच्या घरातून स्वतःच्या गाडीत बसून निघावं, एवढंच. त्यात कुणाचं काय जातं?

पण हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं सांगायला मला जरा जड जातं. फीनिक्सच्या त्या जागेत ताईशी मराठी बोलणारं कुणी असणार नव्हतं, आणि माझ्याशी इथे. फोन आहे, मान्य. पण फोनवर माणूस तब्येत, औषधं, हवा एवढंच बोलतं. निम्म्या वेळा तिच्याकडे नर्स आलेली असते, निम्म्या वेळा माझ्याकडे पार्सलवाला. मला हवे होते ओळीनं काही दिवस, बंद गाडीत आम्ही दोघी, आणि मधे इंग्रजीत तोंड घालायला कुणी नाही. तिला ऐंशी व्हायला आली, मी पण काही कोवळी नाही. असे दिवस आता नाही काढले तर कधीच निघणार नाहीत हे मला पक्कं कळलं होतं. लोक विचारायचे, साडेचार तासांचं विमान सोडून गाडी का? अहो, साडेचार तासांत आमचं भायखळासुद्धा बोलून होत नाही!

रीडिंगचा एप्रिल म्हणजे नुसती भुरभुर. रस्त्यावरच्या झाडांना गुलाबी फुलं येतात आणि पाऊस आठवड्याभरात ती गटारात घालवतो. त्या भुरभुरीत मी जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा भला मोठा कागदी नकाशा पसरला आणि लाल लोकर घेऊन मापायला बसले. क्लीव्हलंडला टाचणी, फीनिक्सला टाचणी, मधे सेंट लुईस, ओक्लाहोमा, टेक्सासचं वरचं टोक, न्यू मेक्सिको. इथे रीडिंगहून एडिंबरा म्हणजे चार दिवस आधी चर्चा, डबे, थर्मास. तेवढी लोकर क्लीव्हलंडपासून लावली तर धड सेंट लुईसलाही पोचेना. मी लोकर सोडून आधी चहा केला.

केतकी तेव्हा माझ्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन वर्ष झालं होतं. पुण्याची, वय एकतीस, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर टेस्टिंगला जाते. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी फोनवर ताईला म्हणत होते, "अगं मेले, गोळी घेतलीस का?" आणि ही पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

"अय्या, तुम्ही मराठी?"

"मग काय फारसी?"

"नाही म्हणजे, दारावर नाव वेगळंच आहे ना..."

"नाव वेगळं आहे, जीभ तीच आहे. चहा पितेस का?"

तेव्हापासून ती मला काकू म्हणते आणि शनिवार सोडून केव्हाही येते. तिनं लोकर बघितली आणि कपाळाला हात लावला. "काकू, दोन हजार मैल लोकरीनं? मी तुम्हाला प्रॉपर शीट करून देते." आणि केली बाई तिनं. लॅपटॉपवर चौकटीच चौकटी. कुठला दिवस, कुठलं गाव, किती मैल, किती वाजता पोचणार. तिच्या धंद्यातली सवय अशी की आधी काय काय बिघडू शकतं ते लिहायचं. तिनं त्याचा एक वेगळा रकाना केला. टायर पंक्चर. वादळ. ड्रायव्हर आजारी. एक दिवस तिनं माझ्यादेखत टाइप केलं, 'ड्रायव्हर हट्टी'. उपायाच्या रकान्यात लिहिलं, 'नाही.'

रोज दोनशे मैलांच्या वर जायचं नाही हा माझा नियम. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि शनिवारी गाडीला हात लावायचा नाही, हा आमच्या बापाचा. मी काही फार सोवळी नाही. एरवी देवाशी माझे वादच जास्त. पण शनिवारी गाडी नाही म्हणजे नाही, मिनीबसच्या नोकरीतही शनिवार मी कधी घेतला नाही. केतकीनं विचारलं, "काकू, एक शनिवार ॲडजस्ट नाही का होणार? एक दिवस वाचेल." मी तिला घाण्याची गोष्ट सांगितली. गावातला दुसरा तेली शनिवारी दुप्पट तेल विकायचा, तरी आमच्या लोकांनी बैल जुंपला नाही. ती ऐकून घेत म्हणाली, "ओके, शनिवार इज नॉन-निगोशिएबल," आणि तो रकाना पिवळा केला. रविवारी निघायचं, पुढच्या आठवड्यात बुधवारी पोचायचं, मधे एक पिवळा शनिवार. अकरा दिवस.

सरावाची गंमत तर विचारूच नका. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडून. त्याचा सराव इंग्लंडात करणार कसा? मी केतकीच्या गाडीत डावीकडे बसायचे, ती चालवायची, आणि मी हातात ताट धरून तिच्याबरोबर वळायचे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लोक थांबून बघायचे. एकदा समोरून व्हॅन आली तर मी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. केतकी शांतपणे म्हणाली, "काकू, तिथे फूटमॅट आहे." मग दोघी इतक्या हसलो की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

संध्याकाळी फुली मारायची आणि ताईला फोन लावायचा. तिकडे तिची दुपार. मी गावांची नावं वाचायची आणि ती शेरे मारायची. "तिथे काय आहे?" "काही नाही." "मग दोन दिवस राहू या." तिनं एलियाहू हनाबीला, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रेषिताला, मालिदाही कबूल करून टाकला, सुखरूप पोचलो तर. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, पाच फळं. मी म्हटलं, "फीनिक्सच्या त्या जागेत पोहे मिळतील का?" ती म्हणाली, "मिळवायला लावीन." पडल्यापासून तिचा आवाज बारीक झाला होता, तो त्या दिवसांत परत पूर्वीसारखा खणखणीत येऊ लागला. केतकीशी मी मराठीच बोलते, पण जरा बेतानं, पाहुण्यांशी बोलावं तसं. तिला आमचा बिरड्याचा रोजा, तो उपास, माहीत नाही, आमच्या घरातली टोपणनावं माहीत नाहीत. ताईशी बोलताना मला वाक्य पुरं करावं लागत नाही, आणि मनसोक्त शिव्या देता येतात.

मग आली ती बाविसावी संध्याकाळ. फुली मारली, ताईला फोनवर म्हटलं, "आज बावीस," आणि सवयीनं बोट पुढे नेत उरलेले चौकोन मोजले. कागद संपतो तिथे रविवार होता. त्या संध्याकाळी शावुओत लागतो, आणि आमच्याकडे तो दोन दिवस असतो, सोमवार आणि मंगळवार, शनिवारसारखीच गाडी बंद. त्या दोन्ही दिवशी केतकीच्या शीटमध्ये आम्ही न्यू मेक्सिकोत हायवेवर. बावीस दिवस मी रोज त्या सणाकडे बोट करून मोजत होते, आणि त्याच टेबलावर बसून त्या सणावरून गाडी घालायचा बेत करत होते! मिनीबसमधली माझी कुठलीही म्हातारी असं वागली असती तर मी तिच्या मुलीला हळूच बाजूला घेऊन सांगितलं असतं.

पलीकडे ताईला हसू फुटलं. "अगं, मलाही नाही आठवलं की! बरं झालं. म्हणजे सोमवार-मंगळवार थांबायचं. अकराचे तेरा झाले." तिला तर लॉटरीच लागली. रविवारी सूर्य बुडायच्या आत न्यू मेक्सिकोतल्या कुठल्या तरी फुटकळ गावात पोचायचं, दोन दिवस खोलीपुढे खुर्च्या टाकून बसायचं, बुधवारी पुढे. केतकीनं निमूटपणे आणखी दोन रकाने पिवळे केले.

पण ताई भाबडी. तिनं ती गंमत डॅनियललाही सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याची मला मेल आली, चांगली लांबलचक, इंग्रजीत, सभ्य. आँटी, तुमचं प्रेम मला कळतं, पण तुम्हा दोघींना स्वतःचा सण लक्षात राहिला नाही, मग दोन हजार मैल मी कसा विश्वास ठेवू? मी ममसाठी गुरुवारचं विमान बुक केलं आहे.

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. राग आला तो नंतर. आधी भीतीच वाटली, कारण तो बरोबर असला तर? रात्रभर झोप नाही वगैरे नाही, झोपले मी, पण सकाळी उठून आरशासमोर उभी राहिले आणि बावीस वर्षांच्या रूटवरचे सगळे थांबे ओळीनं मोठ्यानं म्हटले. एकही चुकला नाही. मग घरं म्हटली, कोण कुठल्या दारात उभं असायचं ते. तेही आठवलं. मग स्वतःलाच म्हटलं, रिबेका, सण विसरलीस कारण तू आनंदात होतीस. इतकं हरखून जायला झालं होतं की बोटाखालचं दिसलं नाही. चूक आहे, मान्य. पण चूक करायची मुभा काय फक्त पन्नाशीच्या आतल्यांनाच असते? डॅनियल स्वतः एकदा पासपोर्ट घरी विसरून लंडनला निघाला होता, तेव्हा त्याला कुणी म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकलं नाही.

आता यंदाच्या भुरभुरीत हे लिहिताना वाटतं, त्या सकाळी मी मुकाट्यानं हो म्हटलं असतं तर कुणीच मला नावं ठेवली नसती. उलट सगळ्यांनी कौतुक केलं असतं, किती समजूतदार बाई. समजूतदार म्हणवून घ्यायची मला भारी भीती वाटते. मिनीबसमध्ये सगळ्यात समजूतदार बायकाच सगळ्यात आधी बोलायच्या बंद व्हायच्या.

चार दिवसांनी डॅनियलनं तिघांचा व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर एका चौकोनात तो, एकात ताई, एकात मी. तो फार नीट बोलला. विमानतळावर व्हीलचेअर असेल. मी स्वतः घ्यायला येईन. आँटींनी नंतर फीनिक्सला यावं, महिनाभर राहावं. सगळं खरं आणि सगळं चांगलं. मी वाद घालायला तोंड उघडलं, ढीगभर मुद्दे लिहून ठेवले होते. तेवढ्यात ताई बोलली. माझ्याकडे नाही, सरळ त्याच्याकडे बघून, आणि मराठीत.

"डॅनियल, मी सामान नाही. माझ्या घरातून मी माझ्या गाडीत बसून निघणार. तुझ्याकडे येणार, पण माझ्या पायांनी येणार."

तो इंग्रजीत म्हणाला, "आँटी, काय म्हणतेय ती?"

मी सांगायला लागले तर ताईनं हात वर केला. "तू नको सांगूस, रिबू. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला. मी मराठीत काय बोलते हे आज पहिल्यांदा विचारतोय. त्याला मलाच विचारू दे."

डॅनियलचं तोंड उतरलं होतं. तो स्क्रीनच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मम, से इट अगेन. स्लोली."

तिनं परत सांगितलं. एकेक शब्द सुटा करून, लहानपणी त्याला भरवताना बोलायची तशी. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. सगळं काही कळलं नाही त्याला, पण एक शब्द त्यानं पकडला.

"गाडी?" तो म्हणाला.

"गाडी," ताई म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "ओके," तो म्हणाला. "ओके, मम. गाडी."

आम्ही गेलो. तेरा दिवस. वाटेत काय पाहिलं ते विचाराल तर शपथेवर सांगते, मला फारसं आठवत नाही. गहू असावा, मग लाल माती. एवढं काय बोललात गं दोघी, असं केतकी अजून विचारते. तिला मी सांगत नाही.

दुसऱ्या शुक्रवारी दुपारी, सूर्य चांगला वर असताना, मी फीनिक्सच्या त्या जागेसमोर गाडी लावली. दारात डॅनियल उभा होता, बरोबर व्हीलचेअर घेऊन एक नर्स. ताई तेव्हा आईच्या एका मैत्रिणीच्या लग्नाची गोष्ट सांगत होती आणि नवरा मुलगा मांडवातून पळाला इथपर्यंत आली होती. मी इंजिन बंद केलं. म्हटलं, "ताई, पोचलो."

"पोचलो तर पोचलो," ती म्हणाली. "आधी ऐक तर."

डॅनियल येऊन काचेवर टकटक करू लागला. तिची गोष्ट संपेपर्यंत आम्ही काच खाली केली नाही.